शेवग्याची पाठ

राजगुरुनगर
११ जून २०२४

प्रिय ताई,

इथे आल्याआल्या फोन जमा करून घेतला. सहा महिने मिळत नाही. घरच्यांना पत्र लिहा म्हणतात. लिहिलेलं पत्र आधी नवनाथ सर वाचतात, आलेलंही आधी तेच वाचतात, मग आमच्या हातात येतं. सर अकरा वर्षांपूर्वी इथेच दारू सोडायला आले होते, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाची थाप चालत नाही. मी शेवटचं पत्र आठवीच्या पेपरात लिहिलं होतं, मुख्याध्यापकांना, सहलीच्या परवानगीसाठी. तेव्हा सांभाळून घे.

तब्येत बरी आहे. हातांची थरथर गेली. पहाटे साडेपाचला उठवतात. झाडलोट, प्रार्थना, नाश्ता, मग गोल करून बसायचं आणि एकेकाने बोलायचं. सत्तावीस जण आहोत. शेजारच्या खाटेवर इथलेच ज्योतीराम काका आहेत. शर्यतीचे बैल पाळायचे. बैल विकले आणि ते पैसेही प्याले, असं स्वतःच सांगतात.

माझ्यावर बोलायची पाळी आली की मी शेवग्याबद्दल बोलतो. आयटीवाला भाडेकरू बेंगळुरूला जाताना त्याला जिन्यात सोडून गेला, मी वर आणला, अण्णा म्हणाले होते की कुत्रं घरात आलं तर मी बाहेर जाईन, आणि त्याला सहा वर्षं झाली. एवढं लांब अंग आणि एवढे आखूड पाय असलेलं कुत्रं इथे कुणी पाहिलेलं नाही. सर म्हणाले, कुत्र्याबद्दल खूप ऐकलं, आता स्वतःबद्दल बोल.

एक कळत नाही. हॉस्पिटलातून मला थेट इकडे आणलंत. घरी एकदाही नेलं नाही. अण्णा तर हॉस्पिटलातही फिरकले नाहीत. तू यायचीस, पण उभ्या उभ्या. इतका राग आहे का? तुम्ही दोघं गावी लग्नाला गेलात ते मला आठवतं. तू फ्रिजमध्ये भाजी करून ठेवली होतीस तेही. त्यानंतर डोळे उघडले तेव्हा हाताला सलाईन होतं. मधलं काही म्हणजे काही नाही.

शेवग्या माझ्या कॉटवरच झोपतो ना? अण्णांना त्याला गॅलरीत बांधू देऊ नकोस.

तुझा,
अज्या


काळेवाडी
१९ जून २०२४

प्रिय अज्या,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, ओळ उजवीकडे खाली घसरते. अण्णांच्या कानांचं तुला माहीतच आहे, वाचून दाखवून उपयोग नाही, म्हणून हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

शेवग्याचं सांगायचं होतंच. घाबरू नकोस. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं. तू हॉस्पिटलात होतास तेव्हा, मेच्या पंचवीस तारखेला, त्याने तुझ्या कॉटवरून उडी मारली आणि पाठीच्या मणक्यातली गादी सरकली. माणसांना होतं तसंच. या जातीच्या कुत्र्यांना ते फार होतं म्हणे, अंग लांब असल्यामुळे. सरकलेल्या गादीने आतल्या शिरा दाबल्या आणि मागचे पाय गेले. पुण्यात प्राण्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे ऑपरेशन करून ती गादी काढली. पाठीवर वीतभर जागा भादरली आहे आणि बरोबर मधून टाक्यांची रेघ आहे.

आता तो घरी आहे. सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवायचं, उड्या नाहीत, जिना नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम नीट केला तर महिना-दीड महिन्यात उभा राहील. तू परत येशील तेव्हा दारात येईल बघ.

तू तुझ्याकडे लक्ष दे. जेवतोस ना?

ताई


राजगुरुनगर
२६ जून २०२४

ताई,

पत्र हातात दिलं तेव्हा सर म्हणाले, बसून वाच. मला वाटलं अण्णांना काही झालं.

तो माझ्यामुळे पडला. कॉटवर चढायची सवय मी लावली. तू नेहमी म्हणायचीस, खाली गोधडी टाक, खाली झोपू दे. मी घरी असतो तर त्याला उचलून खाली ठेवला असता. नेमका मी नव्हतो.

ज्योतीराम काका म्हणाले, त्यांच्या एका बैलाची कंबर अशीच गेली होती. मी विचारलं, मग उठला का? ते म्हणाले, बैलाचं वेगळं असतं पोरा, आणि उठून गेले.

तू लिहिलंस ते मला पुरत नाही. नीट लिही. पाय हलतात का? चिमटा काढला तर कळतं का? लघवी कशी करतो? जेवतो का? माझं नाव घेतलं तर मान वर करतो का? आणि तू कंपनीत गेल्यावर दिवसभर त्याच्यापाशी कोण असतं? अण्णा असतील तर मला काळजी आहे. सहा वर्षांत त्यांनी त्याला एकदा हात लावलेला नाही.

शेपूट हलवतो का, तेवढं आधी लिही.

अज्या


काळेवाडी
७ जुलै २०२४

प्रिय अज्या,

तुझे प्रश्न घेऊन डॉ. सुप्रियांकडे गेले होते. ऑपरेशननंतरचे व्यायाम त्या शिकवतात, रहाटणीला त्यांचा दवाखाना आहे. म्हणाल्या, भावाला सांगा, प्रश्न बरोबर विचारलेत.

दिवस असा जातो. सकाळी पाठ शेकायची. मग एकेक मागचा पाय धरून सायकल चालवल्यासारखा फिरवायचा, पंधरा-पंधरा वेळा. मग पोटाखालून टॉवेल घालून उभं करायचं आणि पंजे जमिनीवर सपाट ठेवायचे, कारण सोडले की ते उलटे वळतात आणि वरची कातडी सोलते. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर अंगाला जखमा होतात. डॉ. सुप्रियांनी पाण्यातला व्यायामही सांगितलाय. त्यासाठी फाट्यावरच्या भंगारवाल्याकडून निळा ड्रम आणून आडवा कापला आणि गच्चीवर ठेवला. कोमट पाण्यात छातीपर्यंत बुडवून धरलं की तो पुढचे पाय मारतो, आणि मागचे नुसते तरंगतात.

लघवी त्याची त्याला होत नाही. दिवसातून चारदा हाताने काढावी लागते. दोन्ही बाजूंनी पोट हळू दाबत मूत्राशय शोधायचं, आणि जोर किती लावायचा ते हातालाच कळावं लागतं. कमी पडलं तर आत साचून ताप येतो, जास्त झालं तर इजा होते. मला आठ दिवस जमलं नाही. मी रडायचे आणि तो कण्हायचा. एक दिवस अण्णांनी मला बाजूला केलं. डावा हात ठेवला, प्रेसमध्ये दोन बोटं तुटलेला, आणि उजव्या हाताने दाबलं. पहिल्या फटक्यात जमलं. तीस वर्षं प्रेसवर पत्रा हाताने चाचपला, ते असं कामाला आलं. तेव्हापासून चारही वेळा तेच करतात.

तू म्हणतोस, अण्णांनी हात लावलेला नाही. आता अण्णांना कुत्रं कण्हलेलं ऐकू येत नाही, म्हणून ते एक हात त्याच्या छातीवर ठेवून बसतात. टीव्ही बघतानासुद्धा.

प्रगती आहे. परवा डाव्या पायाची बोटं हलली. चिमटा घेतला की पाय आखडून घेतो. शेपूट अजून नाही. ती सगळ्यात शेवटी येते म्हणे.

तुझं नाव घेतलं की मान वर करतो.

ताई


राजगुरुनगर
१६ जुलै २०२४

ताई,

काल गोलात बसलो होतो. सर म्हणाले, शेवटचे दोन दिवस सांग. मी म्हणालो, आठवत नाहीत. ते म्हणाले, ठीक आहे, मग खोलीत काय होतं ते सांग. पंखा, कॉट, टीव्ही. मी टीव्ही म्हणालो आणि थांबलो.

मला टीव्हीचा आवाज आठवला, ताई. मी तो वाढवत होतो. खूप वाढवला होता, कारण कॉटच्या खालून शेवग्या ओरडत होता. भुंकत नव्हता, ओरडत होता, लहान मूल ओरडतं तसा. मी त्याला पाय लावून गप बस म्हणालो. मग उठलो आणि खोलीचं दार बाहेरून लावून पुढच्या खोलीत येऊन बसलो. बाटली पुढच्या खोलीतच होती. एवढंच आठवतं. पण हे आठवतं, हे मी रचलेलं नाही.

तो दिवस लग्नाचा होता. तुम्ही गावी होतात.

मग पंचवीस तारीख कुठून आली?

मला खरं सांग.

अज्या


राजगुरुनगर
३० जुलै २०२४

ताई,

दोन रविवार गेले. तुझं पत्र नाही. म्हणजे खरं आहे.

अज्या


काळेवाडी
४ ऑगस्ट २०२४

अज्या,

शुक्रवारी नवनाथ सरांचा फोन आला होता. तू न सांगता बाहेर पडलास आणि एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसलेला सापडलास, हे त्यांनी सांगितलं. प्यायलेला नव्हतास, घरी निघाला होतास, हेही सांगितलं. मी त्यांना म्हणाले, त्याने मला एक विचारलंय आणि मला उत्तर देता येत नाही. ते म्हणाले, ‘लिहा. खोटं ऐकायची इथे सगळ्यांना सवय आहे. खऱ्यानं त्रास होईल, पण तो आम्ही बघू.’

तर ऐक.

सोमवारी, वीस तारखेला, दुपारी दीडच्या सुमाराला आम्ही गावाहून आलो. दार उघडंच होतं. तू पुढच्या खोलीत फरशीवर पडला होतास, तोंडाशी ओकारी. मागच्या खोलीला कडी होती आणि आतून काहीच आवाज नव्हता. अण्णांनी कडी काढली. शेवग्या गॅलरीच्या दारापर्यंत सरपटत गेला होता. फरशीवर ओला पट्टा उमटला होता. मागचे पाय फडक्यासारखे मागे पसरलेले. आम्हाला बघून त्याने पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न केला.

मी तुला हलवलं आणि तू हलला नाहीस. मग खालच्या सुमनताईंना हाक मारली, अँब्युलन्स आली, मी तुझ्याबरोबर गेले. शेवग्याला अण्णा रिक्षाने घेऊन गेले, एकटे. डॉक्टर काय विचारतायत ते त्यांना ऐकू येईना, म्हणून डॉक्टरांनी कागदावर लिहून विचारलं, ‘पाय जाऊन किती तास झाले?’ अण्णांनी खाली लिहिलं, ‘माहीत नाही.’ तो कागद अजून फाइलीत आहे.

हे तास महत्त्वाचे असतात. चिमट्याने बोटाचं हाड दाबलं तरी त्याला कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ही दुखण्याची जाणीव गेली की आशा अर्ध्यावर येते, आणि जेवढा उशीर तेवढी आणखी कमी. ऑपरेशन मंगळवारी झालं. मी तुला लिहिलं की बोटं हलली, पाय आखडून घेतो. ते खरं आहे, पण डॉ. सुप्रियांनी तेव्हाच सांगितलं होतं की ती नुसती नसांची प्रतिक्रिया आहे, त्याला स्वतःला काही कळत नाही. ते मी लिहिलं नाही. तुझं नाव घेतल्यावर तो मान वर करतो, हे मात्र खरं.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. शनिवारी सकाळी निघायच्या आधी मी त्याला खाली फिरवून आणला. तो पाठ कमानीसारखी करून चालत होता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबला आणि उचलला तेव्हा कळवळला. जेवलाही नाही. मला वाटलं पोटात गॅस झाला असेल. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं, कारण गाडी साडेदहाची होती. डॉक्टर म्हणतात, त्याच दिवशी आणला असता तर कदाचित गोळ्या आणि विश्रांतीवर भागलं असतं. कदाचित. आणि तुझी अवस्था काय आहे हे मला माहीत होतं. आठ दिवस तू जेवत नव्हतास. अशा माणसावर मी दुखणारं कुत्रं सोपवून गेले, आणि लग्नात फोटो काढत बसले.

तारीख बदलली ती तुला त्रास होऊ नये म्हणून, असं मी सरांना सांगितलं. अर्धं खरं आहे. वीस तारीख लिहिली असती तर तू शनिवारबद्दल विचारलं असतंस.

ताई


राजगुरुनगर
२१ ऑगस्ट २०२४

ताई,

पत्र सरांच्या खोलीत बसून वाचलं. वाचल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं, की तुझीही चूक आहे. ते मी गोलात सांगितलं, कारण इथे तसलंच सांगायचं असतं. सांगताना लाज वाटली.

मग तुझा राग आला. दोन महिने मी तुला विचारत होतो, आणि तू मला सायकलचा व्यायाम सांगत होतीस. आता राग तेवढा नाही. तू गॅस समजलीस. मी कडी लावली. हे दोन्ही एका मापाने मोजता येत नाही, आणि तू मोजू नकोस.

मी परत पळणार नाही. त्या दिवशी गाडीत बसल्यावर कंडक्टरने विचारलं, कुठे? मला सांगता येईना. घरी जाऊन मी करणार काय होतो? त्याच्यासमोर उभं राहायचं, आणि पुढे? त्यांनी मला शोधायच्या आधीच मी खाली उतरणार होतो, असं मी सरांना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही माहीत नाही. मीही ठेवावा की नाही कळत नाही.

पंधरा सप्टेंबरला, रविवारी, घरच्यांना भेटायला येऊ देतात. शेवग्याला आणता येईल का? सरांनी परवानगी दिली आहे. अण्णांना विचार. नको म्हणाले तर जोर करू नकोस. त्यांनी मला तोंड दाखवलेलं नाही आणि मी त्यांना दोष देत नाही.

अज्या


काळेवाडी
३१ ऑगस्ट २०२४

अज्या,

आणते. अण्णांना पाटीवर लिहून विचारलं. त्यांनी मान हलवली.

तू विचारून दोन महिने झाले, म्हणून आजच लिहिते. गुरुवारी शेपूट हलली. अण्णा दळण घेऊन वर आले, दारात पिशवी ठेवली, आणि शेवग्याने त्यांच्याकडे बघून हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी धावत जाऊन डॉ. सुप्रियांना व्हिडिओ दाखवला. त्या म्हणाल्या, ही प्रतिक्रिया नाही, ही त्याची स्वतःची आहे, म्हणजे वरून खालपर्यंत काहीतरी पोचतंय. किती पोचेल ते त्यांना सांगता येत नाही.

ती अण्णांना बघून हलली, हे तुला न लिहिण्याचा विचार मनात आला होता. पण लिहिलं.

ताई


राजगुरुनगर
१८ सप्टेंबर २०२४

ताई,

तुम्ही गेल्यावर मी फाटकापाशी बराच वेळ बसलो होतो.

तो माझ्या अंगावर झेप घेईल असं मला वाटलं नव्हतं. तो मला बघून घाबरेल असं वाटलं होतं, आणि मी त्याची तयारी केली होती. तो आला, माझा हात हुंगला, पँट हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि वळून अण्णांच्या चपलांकडे सरपटत गेला. ज्योतीराम काका म्हणाले, ओळखलं त्यानं. मलाही तसंच वाटतं. ओळखलं आणि गेला.

त्याचं मागचं अंग इतकं बारीक झालंय, हे तू लिहिलं नव्हतंस. लिहून कळलंही नसतं.

अण्णांनी सगळ्यांसमोर, त्या पिंपळाखाली, चटई टाकून त्याची लघवी काढली. मी बघत होतो. मी म्हणालो, मला दाखवा. त्यांना ऐकू आलं नाही. मग मी त्यांच्या हाताला हात लावला, तर त्यांनी हात काढून घेतला आणि कुत्र्याला उचलून रिक्षेकडे गेले. तू म्हणालीस, दमलेत. ताई, ते दमले नव्हते.

एकोणतीस नोव्हेंबरला माझे सहा महिने होतात. सर म्हणतात, महाळुंग्याला त्यांच्या ओळखीत एक खोली आहे, आमच्यातलेच दोघं तिथे राहतात, कंपनीत जातात. मी तिकडे जावं असं मला वाटतं. घरी येऊन त्यांना रोज माझं तोंड बघायला लावायचं नाही. अण्णांना हे तू सांग.

अज्या


काळेवाडी
१७ नोव्हेंबर २०२४

चि. अजिंक्य यास,
उद्धवरावाचा आशीर्वाद.

तुला पत्र कधी लिहिलं नव्हतं. जयमालानं तुझी सगळी पत्रं मला वाचायला दिली, तिनं तुला काय लिहिलं तेबी लिहून दाखवलं. महाळुंग्याला राहायचं म्हणतोस ते वाचलं. दोन महिने मी गप होतो. आता मी लिहायलोय ते नीट वाच.

त्या दिवशी गावाहून आलो तेव्हा पुढच्या खोलीत तू पडला होतास. मी तुझ्या अंगावरून पाय टाकून आत गेलो. मला वाटलं, नेहमीसारखाच पडलाय. मी मागच्या खोलीची कडी काढली आणि कुत्र्यापाशी बसलो. जयमाला मागून आली आणि तिनं तुला हलवलं, तेव्हा कळलं की तू नेहमीसारखा नव्हतास. दवाखान्यात डॉक्टरनं तिला सांगितलं, अजून तासभर उशीर झाला असता तर पोरगा गेला असता. तिनं ते मला लिहून दाखवलं.

मी स्वतःच्या लेकराला ओलांडून गेलो. कुत्रं आवडत नव्हतं मला, तरी त्याच्याकडं गेलो, कारण त्याच्याकडं बघून वाईट वाटलं आणि तुझ्याकडं बघून वाईट वाटायचं बंद झालं होतं. म्हणून मी हॉस्पिटलात आलो नाही. तुझा राग होता म्हणून नव्हे. तू डोळे उघडशील आणि मला बघशील, ते मला झेपणार नव्हतं. राजगुरुनगरला तू माझ्या हाताला हात लावलास तेव्हाबी तसंच झालं. हात काढला तो तुझ्यामुळं नाही.

आता कुत्र्याचं. ते दिवाळीपासून चालतंय. चालतंय म्हणजे चार-पाच पावलं. मागचे पाय एकमेकांत अडकतात, कंबर एका अंगाला जाते, मग बसतं. परत उठतं. सुप्रियाबाई म्हणतात, याच्याहून फार सुधारणार नाही, मनाची तयारी ठेवा. लघवीचं तर आता जन्मभर हातानंच करायचं. जगेल तेवढी वर्षं, रोज, चार वेळा. एकदाबी चुकवून चालणार नाही.

मला पुढच्या महिन्यात चौसष्ट लागतंय. उजव्या हाताचा अंगठा सकाळी आखडतो, दाबताना कळ येते. जयमालाला सांगितलेलं नाही. ती दिवसभर कंपनीत असते आणि तिला जोराचा अंदाज येत नाही, तिचा जीव घाबरतो.

तू त्याला दुखवलंस म्हणून त्याच्यापासून लांब राहायचं म्हणतोस. मग त्याचं करायचं कुणी? लांब राहून त्याची कूस बदलत नाही.

मी माफ केलं असं लिहिणार नाही, आणि तूबी मला तसं लिहू नको. मी तुझ्यावर नजर ठेवीन. तू परत प्यायलास तर मी तुला घराबाहेर काढीन, आणि या वेळी खाली वाकून आधी श्वास बघीन आणि मग काढीन.

एकोणतीसला जयमाला तुला न्यायला येईल. घरी आल्यावर आधी नखं काप आणि हात गरम पाण्यानं धू, गार हात लागला की ते अंग आखडतं. पहिले आठ दिवस मी तुझ्या हातावर हात ठेवून दाखवीन. मूत्राशय हाताला लागलं की घाई करायची नाही. ते तुझ्याकडं बघणार नाही, दुसरीकडं बघंल. बघू दे.

पहाटेची आणि संध्याकाळची वेळ माझी. जयमाला झोपायच्या आधीची करायला शिकायलीय. दुपारी दोनची वेळ तुझी.

उद्धवराव